स्टिअरिंग कोण ओढतंय?

दोस्तांनो, आज सुरुवात एका कबुलीनं करतो. मोठ्यांच्या लक्षात न आलेली गोष्ट लहानांच्या चटकन लक्षात येते, असं पुष्कळदा होतं. माझ्या बाबतीतही झालं. चूक एवढीच, की मी ते हसण्यावारी नेलं.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबरचे दिवस होते. नाताळची सुट्टी लागली म्हणून आठवीतल्या भाचीला आणायला बहिणीच्या गावी गेलो होतो. येताना भाची माझ्या शेजारी, पट्टा लावून बसलेली. मध्येच तिनं विचारलं, "मामा, रस्ता तर सरळ आहे. मग तू स्टिअरिंग सारखं का हलवतोस?"

"मी कुठं हलवतोय?"

"हलवतोस की! पाय दाबलास की थोडं डावीकडे वळवतोस, आणि पाय उचललास की उजवीकडे."

"अगं, हाताला सवयच असते तशी," मी हसून म्हणालो आणि विषय बदलला.

पुढं अर्ध्या तासानं आमच्यापुढे उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आला. साखर कारखान्यांचा हंगाम चालू होता. बराच वेळ त्याच्या मागं रखडल्यावर रस्ता मोकळा दिसला, तसा मी अॅक्सिलरेटर जोरात दाबला. गाडी पुढं झेपावली खरी, पण उजवीकडे ओढली गेली. समोरून एक टेम्पो येत होता आणि तो मला वाटला होता त्याहून जवळ होता. मी घाईनं पाय उचलला, तर गाडी डावीकडे, थेट ट्रॉलीच्या अंगावर जायला लागली! ट्रॉलीबाहेर आलेली उसाची टोकं आरशाला घासून गेली. कशीबशी गाडी सावरून मी पुन्हा मागं घेतली आणि पुढं रस्त्याच्या कडेला थांबवली.

भाची बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, "मामा, मी मघाशी म्हटलं होतं ना?"

दुसऱ्या दिवशी गॅरेजच्या मिस्त्रींनी गाडी वर उचलली, पुढच्या चाकापाशी लोखंडी पहार घालून हलवून पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, लोअर आर्मचा बुश गेलाय." मुठीएवढा रबराचा एक तुकडा! तो फाटला होता म्हणून आम्ही दोघं टेम्पोखाली किंवा ट्रॉलीखाली सापडायचे बाकी होतो.

आता तुम्ही म्हणाल, रबर फाटलं तर गाडी ओढली का जावी? आणि पाय दाबला की एकीकडे, उचलला की दुसरीकडे, असं का? तेच आज पाहू या. कंपासपेटी जवळ असू द्या, मध्ये लागणार आहे.

एका चाकाची दोन कामं

तुमच्या आजोबांच्या वेळच्या गाड्या आठवा. अॅम्बेसिडर, प्रीमियर पद्मिनी. त्यांत इंजिन पुढं असे, पण त्याचा जोर एका लांब दांड्यातून मागच्या चाकांना मिळे. मागची चाकं गाडी ढकलायची आणि पुढची चाकं फक्त वळायची. कामाची सरळ वाटणी!

1983 च्या डिसेंबरमध्ये आपल्याकडे मारुती 800 आली. तिच्यात इंजिनाचा जोर पुढच्याच चाकांना होता. अशा गाडीला 'फ्रंट व्हील ड्राइव्ह' म्हणतात. आज आपल्या रस्त्यांवर दिसणाऱ्या बहुतेक लहान मोटारी अशाच असतात. तो लांब दांडा गेल्यामुळे आत पाय ठेवायला जागा मिळते, गाडी हलकी होते, आणि इंजिनाचं वजन जोर लावणाऱ्या चाकांवरच पडल्यामुळे निसरड्या रस्त्यावर पकडही चांगली मिळते.

पण फुकट काही मिळत नाही, बरं का! इथं गाडी ओढायचीही पुढच्याच चाकांनी आणि वळवायचीही त्याच चाकांनी. एका हातानं भरलेली बादली उचलून धरायची आणि त्याच हातानं शुद्धलेखन काढायचं, असं सांगितलं तर तुमचं अक्षर कसं येईल? बादली हिंदकळली की अक्षर वाकडं! गाडीचंही तसंच होऊ शकतं. इंजिनाच्या ओढीमुळे स्टिअरिंग वाकडं होतं, त्याला 'टॉर्क स्टिअर' म्हणतात. टॉर्क म्हणजे फिरवणारा जोर.

दाराची बिजागरी आणि रस्सीखेच

घरातल्या एखाद्या दाराजवळ जा. कडीपाशी एका बोटानं ढकला. दार सहज फिरतं. आता बिजागरीच्या अगदी जवळ ढकलून पाहा. बराच जोर लावावा लागतो. म्हणजे जोर बिजागरीपासून जितका दूर, तितकं तो दार सहज फिरवतो.

गाडीचं पुढचं चाकही अशाच एका अदृश्य बिजागरीवर फिरत असतं. वरचा आणि खालचा सांधा जोडणारी एक उभी, थोडी तिरकी रेषा कल्पून पाहा. स्टिअरिंग फिरवलं की चाक या रेषेभोवती वळतं. ही रेषा चाकाच्या मधोमध नसते, थोडी आतल्या बाजूला असते. इंजिन चाकाला पुढं ओढतं ती ओढ मात्र चाकाच्या मध्यावर लागते. म्हणजे ओढ बिजागरीपासून काही सेंटिमीटर दूर लागली! मग दारासारखं चाकही वळू पाहणारच. डावं चाक उजवीकडे वळू पाहतं, उजवं चाक डावीकडे.

मग गाडी रोज वेडीवाकडी का धावत नाही? कारण दोन्ही चाकं टाय रॉड नावाच्या दांड्यांनी स्टिअरिंगच्या एकाच पट्टीला जोडलेली असतात. या पट्टीला 'रॅक' म्हणतात. तिथं सतत रस्सीखेच चालू असते. दोन्हीकडची ओढ सारखी असली की दोरी जागची हलत नाही आणि तुमच्या बाबांच्या हाताला काही जाणवतही नाही. एका बाजूची ओढ जराशी कमी-जास्त झाली, की दोरी सरकली आणि स्टिअरिंग हातातून ओढलं गेलंच!

हे सगळ्यात जास्त जाणवतं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, अॅक्सिलरेटर जोरात दाबल्यावर. कारण त्या वेळी गिअरबॉक्स इंजिनाचा जोर कित्येक पटींनी वाढवून चाकांना देत असतो. मारुती 800 चं इंजिन 796 सीसीचं, जोर बेताचाच. त्यामुळे ती चालवणाऱ्यांना ही भानगड सहसा जाणवलीच नाही.

ही ओढ असमान का होते?

यामागं एक गंमतशीर इतिहास आहे. 1959 साली इंग्लंडमध्ये 'मिनी' नावाची चिमुकली गाडी आली. अॅलेक इसिगोनिस हे तिचे कर्ते. जागा वाचवायला त्यांनी इंजिन आडवं बसवलं आणि गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली ठेवला. दोघांना तेलही एकच! पुढं इटलीत फियाटचे दान्ते जाकोसा यांनी वेगळी युक्ती केली. त्यांनी गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली न ठेवता शेजारी ठेवला. 1964 च्या 'ऑटोबियांकी प्रिमुला' या गाडीत ही रचना आली आणि 1969 च्या 'फियाट 128' नंतर ती जगभर पसरली. आज जगातल्या बहुतेक लहान गाड्यांमध्ये हीच रचना असते.

पण इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच रांगेत बसवले, की चाकांना जोर वाटून देणारा भाग गाडीच्या मधोमध राहत नाही, एका बाजूला सरकतो. मग एका चाकाकडे जाणारा दांडा आखूड आणि दुसऱ्याकडे जाणारा लांब! या दांड्यांना 'ड्राइव्ह शाफ्ट' म्हणतात. गाडी जोरात निघाली की तिचं नाक वर उचललं जातं आणि दोन्ही दांडे तिरके होतात. पण आखूड दांडा जास्त तिरका होतो आणि लांब दांडा कमी. शिडी भिंतीला लावून पाहा. तेवढ्याच उंचीवर टेकवायची तर आखूड शिडी जास्त उभी राहते ना? अगदी तसंच. दांडा जितका तिरका, तितका त्याच्या सांध्यातून चाकाला वळवणारा जास्तीचा जोर जातो. मग दोन्ही चाकांना तो सारखा मिळत नाही आणि रस्सीखेच बिघडते.

त्यात टायरमधली हवा एकीकडे कमी असेल, एका बाजूचा टायर गुळगुळीत आणि दुसरा नवा असेल, तर आणखी भर.

माझ्या गाडीत काय झालं होतं ते आता तुमच्या ध्यानात आलं असेल. लोअर आर्म म्हणजे चाकाला खालून धरून ठेवणारा लोखंडी हात. तो गाडीच्या सांगाड्याला रबरी बुशांनी जोडलेला असतो. माझ्या गाडीतला एक बुश फाटलेला होता. पाय दाबला की ते चाक ओढीनं पुढं सरकायचं आणि त्याची दिशा थोडी बदलायची. पाय उचलला की ते मागं यायचं आणि दिशा उलटी बदलायची. माझा हात नकळत ते सावरत होता. भाचीनं तो हात पाहिला. मी मात्र रस्ता पाहत होतो.

आता कंपास काढा

स्टिअरिंग ओढणारा आणखी एक चोर आहे. त्याला इंजिनाशी देणंघेणं नाही. तो खड्ड्यात लपलेला असतो. त्याचं नाव 'बम्प स्टिअर'.

एक कोरा कागद आडवा घ्या. त्यावर एक आडवी रेघ काढा. तिच्या उजव्या टोकाकडे एक बिंदू घ्या, त्याला 'च' म्हणू. च म्हणजे चाक. आता च पासून डावीकडे 6 सेंटिमीटरवर 'ट' आणि 10 सेंटिमीटरवर 'ल' हे बिंदू घ्या. ट म्हणजे टाय रॉडचं आतलं टोक, ल म्हणजे लोअर आर्मचं आतलं टोक. कंपासचं टोक ट वर ठेवून च मधून जाणारा कंस वरच्या बाजूला काढा. मग ल वर ठेवून च मधूनच दुसरा कंस काढा.

चाक खड्ड्यात किंवा उंचवट्यावर गेलं की वर-खाली होतं. पण ते सरळ रेषेत वर जात नाही, असं कंसात जातं. लोअर आर्म त्याला एका कंसातून न्यायला बघतो आणि टाय रॉड दुसऱ्या.

आता मोजा. आडव्या रेघेपासून 1 सेंटिमीटर वर दोन्ही कंस जवळजवळ चिकटलेले दिसतील. 3 सेंटिमीटर वर त्यांच्यात साधारण साडेतीन मिलिमीटरची फट असेल. आणि 4 सेंटिमीटर वर? जवळजवळ 7 मिलिमीटर! ही फट म्हणजेच बम्प स्टिअर. टाय रॉड काही ताणला जात नाही. तो चाकाची एक बाजू आत खेचून घेतो आणि स्टिअरिंग न हलवताही चाक वळतं. पुष्कळ गाड्यांत टाय रॉड चाकाच्या मागच्या बाजूला जोडलेला असतो. तिथं चाकाची मागची बाजू आत ओढली जाते, म्हणजे चाकाचं तोंड बाहेर वळतं. दोन्ही चाकं एकदम उचलली गेली तर दोघांची ओढाताण एकमेकांना मारते. पण एकच चाक खड्ड्यात गेलं, की गाडी हिसका देते.

खऱ्या गाडीत फरक इतका मोठा नसतो. बनवणारे इंजिनिअर दोन्ही दांड्यांची लांबी, उंची आणि कोन असे जुळवतात, की चाक थोडं वर-खाली झालं तरी कंस एकमेकांना चिकटून राहावेत. पण ही जुळणी गाडीच्या ठरलेल्या उंचीसाठीच केलेली असते.

आता एका वाचकाच्या पत्राचं उत्तर देतो. तो लिहितो, "माझ्या दादानं गाडी खाली बसलेली दिसावी म्हणून पुढच्या स्प्रिंगा कापून घेतल्या. आता ती खड्ड्यात आपोआप वळते. अलाइनमेंट करूनही फरक पडत नाही."

मित्रा, उत्तर तुझ्या कागदावरच आहे. स्प्रिंग कापली म्हणजे चाक सांगाड्याच्या मानानं आधीच वर गेलं. समज, ते आता 3 सेंटिमीटरच्या खुणेवर बसलंय. पूर्वी चाक 1 सेंटिमीटर उचललं गेलं तर फट मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढी पडायची. आता तेवढंच उचललं गेलं तर फट साडेतीन मिलिमीटरनं वाढते. आपल्या चित्रात हे दहापट झालं! अलाइनमेंट केल्यानं उभ्या गाडीची चाकं सरळ होतात, पण गाडी हलली की चाकं त्या बिघडलेल्या कंसावरच फिरणार. शिवाय कापलेली स्प्रिंग नीट बसत नाही, हा धोका निराळा. दादाला हा कागद दाखव. मूळ मापाच्या स्प्रिंगा बसवणं हाच खरा उपाय. खड्ड्यांना घाबरून स्प्रिंगांत पॅकिंग घालून गाडी फार उंच करणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. कंस खालच्या बाजूलाही तसेच फाकतात.

इंजिनिअरांनी काय केलं?

टॉर्क स्टिअरवर पहिला उपाय म्हणजे दोन्ही दांडे सारखे करणं. लांब बाजूला इंजिनालगत एक मधला दांडा घालायचा, त्याला बेअरिंगचा आधार द्यायचा आणि तिथून पुढं दोन्हीकडे सारख्याच लांबीचे दांडे लावायचे. दुसरा उपाय स्वस्तातला. आखूड दांडा भरीव आणि लांब दांडा जाड पोकळ नळीचा करायचा, म्हणजे पीळ बसताना दोन्ही सारखेच पिळतात.

पण इंजिनं जोरकस होत गेली. 1978 सालची साब 99 टर्बो 145 अश्वशक्तीची होती आणि तेव्हा तो आकडा पुढच्या दोन चाकांसाठी पुष्कळ वाटत असे. 2009 साली फोर्डनं 'फोकस आरएस' ही गाडी काढली. 305 अश्वशक्ती, आणि तीही पुढच्याच चाकांना! मग त्यांनी थेट त्या अदृश्य बिजागरीलाच हात घातला. चाक धरणारा भाग त्यांनी दोन तुकड्यांत केला. एक तुकडा फक्त वर-खाली होतो, दुसरा फक्त वळतो. त्यामुळे बिजागरी सरकवून चाकाच्या मध्याच्या बरीच जवळ आणता आली. दाराला बिजागरीजवळ ढकललं तर काय होतं, ते आठवतंय ना? तेच! ओढ तेवढीच राहिली, पण चाक वळवण्याची तिची ताकद घटली. पुढच्या पिढीत, 2016 साली, फोर्डनं या गाडीचा जोर चारही चाकांत वाटून टाकला. बादली उचलायला दुसरा हात मिळाला म्हणा ना!

विजेच्या गाड्यांमुळे हा प्रश्न पुन्हा नव्यानं समोर आलाय. विजेची मोटर उभ्या जागेवरूनच भरपूर टॉर्क देते. तिथं संगणक सुरुवातीची ओढ हळूहळू वाढवतो, आणि काही गाड्यांत विजेवरचं स्टिअरिंग उलटा जोर लावून हिसका झाकतं. झाकतं म्हटलं, हं! फाटलेला बुश संगणकाला शिवता येत नाही.

तुम्ही काय करायचं?

तुम्ही अजून गाडी चालवत नाही. आणि वय पूर्ण होऊन लायसन मिळेपर्यंत चालवायचीही नाही. पण तुम्हाला डोळे आहेत, आणि चालवणाऱ्यापेक्षा निवांत वेळही आहे. गाडी एका बाजूला ओढते असं वाटलं तर स्वतःला तीन प्रश्न विचारा.

ती फक्त अॅक्सिलरेटर दाबल्यावर ओढते का, आणि सोडल्यावर उलटीकडे जाते का? मग बुश, बॉल जॉइंट, इंजिनाचं फाउंडेशन आणि ड्राइव्ह शाफ्टचे सांधे तपासायला सांगा.

फक्त खड्ड्यात किंवा उंचवट्यावर हिसका देते का? मग टाय रॉडची टोकं, शॉकअॅब्सॉर्बर आणि स्प्रिंगा पाहायला हव्यात.

सपाट रस्त्यावर, पाय दाबा किंवा सोडा, सतत एकाच बाजूला जाते का? मग आधी चारही टायरांतली हवा बघा, मग अलाइनमेंट.

मात्र हे सगळं गाडी थांबल्यावर सांगायचं. चालवणाऱ्याला मध्येच दचकवायचं नाही. आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कधीही शिरायचं नाही. ते काम मिस्त्रींचं.

आई-बाबांनो, हे तुमच्यासाठी. स्टिअरिंग ओढलं जात असेल तर त्याच्याशी झटू नका. दोन्ही हातांनी धरा, अॅक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू कमी करा, झटक्यानं उचलू नका. झटक्यानं उचलल्यावर काय होतं ते मी पाहून आलोय. पुढच्या दोन्ही चाकांना एकाच जातीचे, सारखेच झिजलेले टायर ठेवा. आणि मागच्या सीटवरून एखादा बारीक आवाज आला, "बाबा, तुम्ही स्टिअरिंग का हलवता?" तर हसून विषय बदलू नका. गॅरेजला जा.

माझी भाची आता मोठी झालीये. तिला लायसन मिळालं तेव्हा पहिल्यांदा तिच्या शेजारी मी बसलो. रस्ताभर तिचे हात बघत होतो. ती म्हणाली, "मामा, काळजी करू नकोस. बुश तपासून आणलेत!"

पुढच्या आठवड्यात पाहू, वळणावर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त का धावतं आणि दोघांना एकच इंजिन कसं पुरतं. तोवर तो कंसांचा कागद जपून ठेवा. एकदा लांबी बदलून, दोन्ही कंस चिकटवून दाखवता येतात का पाहा, आणि कसं जमलं ते मला लिहा.